तौबेचं गाणं आणि बाजाराचा भाव

१२ फेब्रुवारी २०२३ची रात्र. 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचा निकाल लागला आणि जळगावहून भाच्याचा फोन आला, "मामू, अपना स्टॅन जीत गया!" मी धुळ्याला घरी होतो. पुण्याचा पोरगा 'अपना' कसा, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बस्ती का है ना!"

हे उत्तर मला विसरता आलं नाही. कारण प्रश्न एका पोराच्या जिंकण्याचा नाही. आपली कहाणी कोण सांगतो आणि तिची किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न आहे.

एमसी स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख. जन्म १९९९चा, पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतला. लहानपणी कव्वाली गायचा, मग रॅपकडे वळला. त्याचं आडनाव कुठे कुठे 'तडवी' असंही छापलेलं दिसतं. खानदेशात हे आडनाव वाचलं की यावल, रावेर, चोपड्याकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे मुसलमान भिल्ल आठवतात. पण नुसत्या आडनावावरून गाव सिद्ध होत नाही, म्हणून तो धागा मी ओढत नाही.

२०१९मध्ये त्याचं 'अस्तग़फिरुल्लाह' आलं. चूक झाली, वाईट काही कानावर पडलं की आपल्या घरात नानी-दादीच्या तोंडून निघणारा हा शब्द. अल्लाह, मला माफ कर. त्याच शब्दाखाली या पोराने आपली मागची जिंदगी मांडली. आधीची भांडणाची गाणी दुसऱ्यावर होती, हे स्वतःवर होतं.

अशा गाण्याचा इतिहास अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतून येतो. ब्रुकलिनच्या ख्रिस्तोफर वॉलेसने, म्हणजे नोटोरियस बी.आय.जी.ने, १९९४मध्ये 'जूसी' काढलं. गरिबीतून वर आलेल्या पोराची ती कहाणी बिलबोर्डच्या मुख्य यादीत २७व्या क्रमांकापर्यंत चढली. १९९७मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी, त्याचा गोळ्या घालून खून झाला. गाणं मात्र आजही विकलं जातं.

आपल्याकडे २०१४मध्ये कुर्ल्याच्या नेझीने 'आफत' आयपॅडवर चित्रित केलं. त्याच्या आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन २०१९मध्ये 'गली बॉय' आला. वस्तीची कहाणी मोठ्या पडद्यावर गेली, पण ती सांगणारा चेहरा आता नटाचा होता.

स्टॅनची वाट वेगळी. २०२०मध्ये 'तडीपार', २०२२मध्ये 'इन्सान' हे अल्बम आले. 'तडीपार' हा शब्द आपल्या पोलीस ठाण्यातला, मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. ही गाणी पोरांच्या मोबाईलमध्ये पोहोचली. पण घराघरात तो पोहोचला टीव्हीमुळे. ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक गाडी बक्षीस मिळाली ती गाण्याला नाही, घरात कोंडून घेतलेल्या माणसाला. बाजाराने आधी माणूस विकत घेतला, मग त्याचं जुनं गाणं ऐकलं. आणि जिंकून जेमतेम महिना झाला असेल, तोच इंदूरमध्ये करणी सेनेचे कार्यकर्ते मंचावर चढले आणि कार्यक्रम बंद पडला. कारण सांगितलं शिव्यांचं. तीच बोली टीव्हीवर महिनोनमहिने विकली गेली होती.

शिव्यांचा बचाव मी करणार नाही. रॅपमध्ये बाईबद्दल जे बोललं जातं, ते आपल्या आया-बहिणींनी का ऐकून घ्यावं? तौबेचं शीर्षक दिल्याने तो हिशेब मिटत नाही. पण जाब विचारण्याआधी गाणं पूर्ण ऐकायला हवं, एवढं तरी मान्य करू.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात आपलं आयुष्य गात राहिल्या. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या आणि १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. लेकाने, नातलगाने उतरवून घेतलं म्हणून गाणी उरली. आपल्या गाण्यांची किंमत त्यांना कधी कळलीच नाही. ओवी आणि रॅप एक नव्हेत. पण कागदावर जागा नसलेल्या माणसाने आपली नोंद आवाजात ठेवली, हे दोन्हीकडे खरं आहे.

मुसलमान वस्तीची नोंद पोलीस ठाण्यात असते, दंगलीच्या अहवालात असते, मतदार यादीत असते. तिथल्या पोराने स्वतः सांगितलेली नोंद फार कमी सापडते. उद्या कोणी या काळाचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला ही गाणी ऐकावी लागतील. किती लोकांनी पाहिलं हा आकडा तेव्हा कामाचा नसेल. पोरगा काय म्हणाला, तेच कामाचं असेल.

परवा भाच्याने स्वतःचं एक गाणं पाठवलं. अर्धं उर्दू, अर्धं अहिराणी. विचारत होता, "मामू, चलेगा क्या?" मी कळवलं, "चालेल न चालेल ते बाजार बघेल. तू खरं तेवढं सांग."