सही करण्याआधी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत असते, ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ. तिचा धाकटा आठ वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. सरकारी शाळेत जातो. बाई चांगल्या आहेत, पण वर्ग मोठा, गोंगाट फार. ती म्हणाली, "मावशी, इथलं राज्य सरकार त्याच्या शिक्षणाचे पैसे आमच्या नावाच्या खात्यात जमा करायला तयार आहे. शाळा आम्ही निवडायची. फक्त एका करारावर सही करायची. करू का?"

आता मी आयुष्यभर मराठी शाळेत इतिहास शिकवलेली बाई. तिथल्या कायद्यातलं मला काय कळणार? पण कुठलीही गोष्ट समोर आली की 'हे आलं कुठून?' असं विचारायची खोड काही जात नाही. वाचत बसले. जे हाती लागलं ते आज सांगते.

आधी आपल्याकडची पद्धत आठवा. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि सरकारनं खाजगी संस्थांच्या शाळांना अनुदान द्यायचं ठरलं. तेव्हापासून आपल्याला एवढंच ठाऊक की पैसा शाळेला मिळतो. मूल शाळा सोडून गेलं तर अनुदान काही त्याच्या दप्तरातून जात नाही. ॲरिझोनातल्या खात्याची कल्पना बरोबर याच्या उलट आहे. राज्य सरकार त्या मुलावर सरकारी शाळेत जो खर्च करणार होतं, त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास रक्कम पालकाच्या खात्यात टाकतं. त्यातून शाळेची फी, शिकवणी, पुस्तकं, वाचा-उपचार वगैरे ठरावीक गोष्टींवर खर्च करायचा. उरलं तर पुढच्या वर्षासाठी राहतं.

या विचाराचे जनक म्हणून मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाचं नाव घेतात. १९५५ साली त्यांनी एक निबंध लिहिला. सरकारनं शिक्षणाला पैसा जरूर द्यावा, पण शाळा सरकारनंच चालवली पाहिजे असं नाही. पालकाच्या हाती व्हाउचर द्यावं, तो हवी ती शाळा निवडेल, असं त्यांचं म्हणणं. वाचायला पटतं. पण या कल्पनेचा पहिला मोठा वापर कुणी केला हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा परगणा आहे. तिथे फार्मव्हिल गावात काळ्या मुलांची वेगळी शाळा होती, इतकी अपुरी की डांबरी कागदाच्या खोपटांत वर्ग भरत. १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे १९५४ च्या प्रसिद्ध 'ब्राउन' निकालात सामील झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं वर्णभेदी शाळा बेकायदा ठरवल्या. मग परगण्यानं काय करावं? १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि फीसाठी पालकांना सरकारी मदत मिळू लागली. कागदावर ती 'निवड' होती. काळ्या मुलांना निवडायला काही उरलंच नव्हतं. सतराशेच्या आसपास मुलं शाळेवाचून राहिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा उघडायला लावल्या, तोवर पाच वर्षं गेली होती. सात वर्षांचं पोर बारा वर्षांचं झालं. शिक्षकाला विचारा, त्या पाच वर्षांचा अर्थ काय होतो.

पण इतिहास एका बाजूनं सांगू नये. ज्या व्यवस्थेनं काळ्या मुलांना बाहेर ठेवलं, तीच पुढे एका काळ्या बाईनं आपल्या मुलांसाठी मागून घेतली. विस्कॉन्सिन राज्यातल्या आमदार पॉली विल्यम्स. त्यांच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये मिलवॉकी शहरात व्हाउचर योजना सुरू झाली. ती फक्त गरीब कुटुंबांसाठी होती. पहिल्या वर्षी साडेतीनशेच्याही आत मुलं. आणि एक अट होती: जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेनं चिठ्ठ्या टाकून मुलं घ्यायची, आपल्या पसंतीनं नाही. पुढे जास्त उत्पन्नाच्या कुटुंबांनाही योजना खुली करायचं चाललं, तेव्हा याच बाईंनी नाराजी व्यक्त केली. 'हे मी यांच्यासाठी केलं नव्हतं' असाच त्याचा अर्थ मी घेते.

आता ॲरिझोना. तिथे २००६ साली अपंग मुलांसाठी आणि सरकारच्या देखरेखीखाली दुसऱ्या घरी वाढणाऱ्या मुलांसाठी व्हाउचर आलं. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. राज्यघटनेप्रमाणे खाजगी शाळेला सरकारी पैसा देता येत नाही, आणि व्हाउचरचा धनादेश पालकाच्या हाती दिला तरी जाणार शाळेलाच. यावर तोड निघाली ती या खात्याची. पैसा एकाच ठिकाणी जायला बांधलेला नाही, फी भरा, शिकवणी लावा, नाहीतर पुस्तकं घ्या, पालक ठरवेल. फिनिक्समधल्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या संस्थेनं ही कल्पना आधीच मांडून ठेवली होती. २०११ मध्ये कायदा झाला, फक्त अपंग मुलांसाठी. देशातली अशी ही पहिलीच योजना, पहिल्या वर्षी मुलं दीडशेच्या आसपास. २०१३ मध्ये अपील न्यायालयानं ती वैध ठरवली.

मग दार हळूहळू रुंदावत गेलं. लष्करातल्यांची मुलं, निकृष्ट दर्जा मिळालेल्या शाळांतली मुलं, मूळ रहिवाशांच्या राखीव भागातली मुलं. २०१७ मध्ये सगळ्यांसाठीच खुलं करायचं ठरलं, तेव्हा पालक-शिक्षकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला नेला, आणि २०१८ मध्ये जवळजवळ ६५ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. तरी २०२२ मध्ये विधिमंडळानं योजना सर्वांसाठी खुली केलीच. तेव्हा खाती बारा हजारांच्या आसपास होती; २०२४ पर्यंत ती पंचाहत्तर हजारांच्या घरात गेली. सुरुवातीला आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं मुळात सरकारी शाळेत नव्हतीच, असं तिथल्या शिक्षण खात्याच्याच आकड्यांवरून दिसलं. म्हणजे ज्यांनी खाजगी शाळा आधीच निवडली होती, त्यांना आता पैसेही मिळाले. त्यांचा दोष नाही, कायद्यानं दिलं ते घेतलं. पण योजना ज्यांच्या नावानं जन्मली, ती अपंग मुलं आता रांगेत कुठे आहेत, हे विचारायला हवं.

इथे भाचीचा करार येतो. आम्ही दोघींनी तो फोनवर ओळीओळीनं वाचला. त्यात एक कलम असं, की खातं घेतलं की त्या मुलाला शिकवण्याच्या जबाबदारीतून पालक सरकारी शाळाव्यवस्थेला मोकळं करतो. साधं वाटतं ना? पण १९७५ साली अमेरिकेत एक मोठा कायदा झाला. त्याआधी अपंग मुलाला 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून सरकारी शाळा सरळ परत पाठवू शकत. कायद्यानं प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण मिळण्याचा हक्क दिला, त्याच्यासाठी वेगळा लेखी आराखडा करायला लावला, आणि तो पाळला नाही तर दाद मागायचा मार्ग पालकाला दिला. खाजगी शाळेवर तसं बंधन नाही. ती प्रवेश नाकारू शकते, आणि वर्षाच्या मध्यात 'जमत नाही' म्हणू शकते. तेव्हा खातं बंद करून सरकारी शाळेत परत जाता येतं, हे खरं. पण मधले महिने?

स्वमग्न मुलाच्या खात्यात वर्षाला तीस हजार डॉलरच्या पुढेही रक्कम येऊ शकते, सर्वसाधारण मुलाच्या कितीतरी पट. आकडा मोठा आहे. म्हणूनच आईबाप आधी आकडा बघतात आणि कलम नंतर.

मला आमच्या गल्लीतल्या आया आठवल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. त्यांचे अर्ज ऑनलाइन भरायला दर वर्षी तीन-चार जणी माझ्याकडे येतात. उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, जन्मदाखला, आणि नकाशावर घराची खूण. ती खूण एक गल्ली पलीकडे पडली तरी घोटाळा होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पण आपल्या कायद्यात एक गोष्ट चांगली आहे. नंबर सोडतीत लागतो आणि कागद बरोबर असतील तर शाळेला नाही म्हणता येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. बरं झालं.

तर प्रिन्स एडवर्ड असो, मिलवॉकी असो की आमची गल्ली, मला एकच प्रश्न कामाचा वाटतो. शेवटी निवड कोण करतं, पालक की शाळा? हातात पैसा असला तरी शाळेच्या दारावर 'नाही' म्हणायची मुभा शाळेकडेच असेल, तर पालकाची निवड अर्धीच.

मी भाचीला वहीत तीन प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. एक, ही शाळा त्याला घेईल का आणि तसं लेखी देईल का? दोन, त्याचे वाचा-उपचार आणि इतर मदत धरून वर्षाचा खर्च खात्यातल्या रकमेत बसतो का? तीन, मध्येच नको म्हणाले तर दुसऱ्या दिवशी तो कुठे जाईल? तिनं तीन शाळांना विचारलं. दोघींनी गोड बोलून नाही म्हटलं. तिसरीनं एक दिवस वर्गात बसवून बघू असं सांगितलंय. दरम्यान सरकारी शाळेकडे तिनं आराखड्याच्या बैठकीची तारीख मागितली आहे, लहान गटात बसवता येईल का ते विचारायला.

सही अजून केलेली नाही. कदाचित करेलही, आणि त्या पोराला मानवेल अशी शाळा मिळाली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. काल तो फोनवर आला होता. मला 'आजी' म्हणाला आणि फोन ठेवून दिला. तेवढं पुरलं.