लय रक्तात नसते

‘यांच्या रक्तातच लय आहे,’ हे वाक्य अमेरिकेतील काळ्या कलावंतांविषयी पिढ्यान् पिढ्या उच्चारले गेले. आपल्याकडे हलगी, सनई, ढोलकी वाजवणाऱ्या जातींविषयीही तेच बोलले जाते. वरवर पाहता ही स्तुती आहे. पण तिच्या पोटात वर्णव्यवस्थेचे जुनेच तत्त्व आहे : गुण जन्माने येतो. जे रक्तात आहे ते शिकावे लागत नाही. जे शिकावे लागत नाही त्यात श्रम नाहीत. आणि जेथे श्रमच नाहीत तेथे मोबदला कशाचा आणि कर्तृत्व कोणाचे? आमच्या गावात वरातीपुढे दिवसभर हलगी वाजवणाऱ्याला शेवटी वेगळ्या पंगतीत भाकरी मिळे आणि त्याच्या हाताचे कौतुक त्याच्या जातीच्या नावे जमा होई. त्या हाताला वळण कोणी लावले, किती वर्षे लावले, हे कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न मी येथे एका दूरच्या उदाहरणावर तपासून पाहणार आहे. ते उदाहरण आहे एकट्याने वाजवायच्या जाझ पियानोचे. मी इतिहासाचा शिक्षक आहे, संगीताचा नाही. म्हणून हे वादक कसे वाजवीत यापेक्षा ते कसे शिकले, हे पाहणे मला अधिक जवळचे वाटते.

अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. काळ्यांच्या कविता, कादंबऱ्या, आत्मकथने आपण वाचली, त्यांवर चर्चा केल्या. संगीताच्या बाबतीत मात्र गोऱ्यांनी काढलेले चित्रच आपणही न तपासता स्वीकारले : काळा माणूस दुःख भोगतो आणि ते दुःख आपोआप सूर होऊन बाहेर पडते. या चित्रात शाळा नाही, गुरू नाही, वही नाही.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

स्कॉट जॉप्लिनचे वडील जन्माने गुलाम होते. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करी आणि तिच्या मालकांच्या पियानोवर हा मुलगा हात बसवी. टेक्सारकाना गावात ज्यूलियस वाइस नावाच्या जर्मन संगीतशिक्षकाने त्याला शिकवले. १८९९ साली जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ छापली गेली. प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळावा, असा लेखी करार त्याने प्रकाशकाशी केला होता. एका काळ्या वादकाने आपल्या हाताच्या कामाला कागदावर बसवून त्यावर हक्क सांगावा, ही घटना साधी नव्हती. १९०८ साली त्याने ‘स्कूल ऑफ रॅगटाइम’ ही सहा पाठांची पुस्तिका काढली. जे संगीत गोऱ्यांच्या लेखी दारूच्या गुत्त्यातील गोंगाट होते, त्याचे पाठ्यपुस्तक त्याने लिहिले. आणि १९११ साली त्याने स्वतःच्या खर्चाने ‘ट्रीमोनिशा’ ही संगीतिका छापली. तिची नायिका एक काळी मुलगी आहे. ती शिकली, म्हणून ती अंधश्रद्धेत बुडालेल्या आपल्या वस्तीची पुढारी होते. सावित्रीबाईंच्या वाटेने आलेल्या माणसाला या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जॉप्लिन १९१७ साली वारला. तोवर कोणत्याही नाट्यगृहाने ही संगीतिका नीट उभी केली नव्हती. पुलित्झर समितीने त्याचा मरणोत्तर गौरव केला तो १९७६ साली.

बाबासाहेब कोलंबियात ग्रंथ उपसत होते त्या वर्षांत, त्याच शहरात, सॅन ह्वान हिल नावाच्या काळ्यांच्या वस्तीत जेम्स पी. जॉन्सन हा तरुण एका नाचघरात पियानो वाजवीत होता. तेथे नाचायला येणारे पुष्कळ लोक कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरून पोटासाठी आलेले होते. नाचता नाचता ते आपल्या गावाकडचे रिंगण धरीत आणि जॉन्सन त्या पावलांना साजेसे वाजवी. त्याच्या ‘कॅरोलिना शाउट’ या रचनेचे मूळ तेथे आहे. पण गोष्ट येथे संपत नाही. ब्रुटो जिआनिनी या इटालियन शिक्षकाकडे तो स्वरमेळ आणि पाश्चात्त्य शास्त्र पद्धतशीर शिकला. बोटांना पट्ट्यांचे अंतर न पाहता कळावे म्हणून तो अंधारात सराव करी. पट्ट्यांवर चादर अंथरून वाजवी. ज्याच्या रक्तातच लय आहे त्याला हे सारे कशासाठी करावे लागले असते?

या वादनपद्धतीला ‘स्ट्राइड’, म्हणजे लांब टांग, असे नाव पडले. डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला अगदी खालच्या सप्तकातील स्वर दाबतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकात उडी घेऊन तीन-चार स्वर एकदम वाजवतो. खाली, वर, खाली, वर, अशी ही टांग न चुकता चालली पाहिजे, आणि वर उजव्या हाताने गाण्याची चाल सांभाळून तिच्याशी खेळले पाहिजे. ढोल, खर्ज, साथ आणि गाणे अशी चार माणसांची कामे एकटा माणूस करतो. असे का? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. काळ्यांना शहरात इतरत्र घर मिळत नसे, त्यामुळे हार्लेममधील मालक मनमानी भाडे उकळीत. भाडे थकले की भाडेकरू घरातच नाचगाण्याची रात्र ठेवीत, किरकोळ प्रवेशफी घेत आणि जमलेल्या पैशांतून मालकाचे देणे भागवीत. अशा घरात पुरा बँड मावणार कसा आणि परवडणार कसा? म्हणून एक पियानो आणि एक माणूस. ज्या कलेला पुढे समीक्षकांनी नजाकत म्हणून डोक्यावर घेतले, ती घरभाड्याच्या निकडीत वाढली.

अशा रात्री वादकांचे सामनेही होत. एकाने उठायचे, दुसऱ्याने बसायचे आणि तेच गाणे अधिक अवघड करून वाजवायचे. नवख्याने बाजूला उभे राहून थोरांची बोटे डोळ्यांनी टिपायची. ही त्यांची परीक्षा आणि हेच त्यांचे महाविद्यालय होते.

शिकण्याचे आणखी एक साधन यंत्राने दिले. पियानोला नावाच्या वाद्यात छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवली की हवेच्या दाबाने पट्ट्या आपोआप खाली जात. ‘कॅरोलिना शाउट’ची अशी गुंडाळी जॉन्सनने १९१८ साली आणि पुन्हा १९२१ साली तयार केली. वॉशिंग्टनमध्ये ड्यूक एलिंग्टन या तरुणाने पियानोलाची गती कमी केली, आपोआप दबणाऱ्या पट्ट्यांवर स्वतःची बोटे ठेवली आणि ती रचना पट्टीमागून पट्टी पाठ केली. पुढे जॉन्सन त्या शहरात आला तेव्हा त्याने ती त्याच्यासमोरच वाजवून दाखवली. न्यूयॉर्कमध्ये फॅट्स वॉलरनेही त्याच रचनेवर असाच हात बसवला. १९२० साली आई वारल्यावर त्याला जॉन्सनच्या घरात प्रत्यक्ष शिकवण मिळाली. कारखानदाराने ती गुंडाळी दिवाणखान्यातील करमणुकीसाठी विकली होती. शिकू पाहणाऱ्यांनी तिचा गुरू केला. एकलव्याच्या गोष्टीत मातीचा पुतळा अंगठा मागत नाही, द्रोणाचार्य मागतो. पियानोलाही अंगठा मागत नव्हता.

येथे ‘स्टँडर्ड’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या नाटकांसाठी आणि पुढे बोलपटांसाठी लिहिलेली जी गाणी सर्वांच्या तोंडी बसली, ती स्टँडर्ड. बहुतेक गाणी बत्तीस मात्रागटांची असतात आणि आठ-आठांच्या चार भागांत बांधलेली असतात. त्यांचे बरेचसे निर्माते गोरे होते. छापील कागदावर चाल, शब्द आणि साधी साथ एवढेच असे. पियानोवर एकट्याने बसणाऱ्याला त्या सांगाड्यावर पुरे घर बांधावे लागे : सुरुवात कशी, चालीखाली कोणते स्वर, डाव्या हाताची टांग कोठे थांबवायची, दुसऱ्या आवर्तनात काय बदलायचे. या बांधणीला अरेंजमेंट म्हणतात. स्टँडर्ड शिकणे म्हणजे चाल पाठ करणे नव्हे. थोरांच्या बांधण्या हाताखालून घालणे आणि त्या मोडून स्वतःची बांधणी उभी करणे, हे ते शिक्षण.

या कामाचे शिखर म्हणजे आर्ट टेटम. १९०९ साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे जन्मलेल्या या वादकाला एका डोळ्याने अजिबात आणि दुसऱ्याने जेमतेम दिसे. १९३३ साली त्याने ‘टी फॉर टू’ ध्वनिमुद्रित केले. मूळ गाणे व्हिन्सेंट यूमन्सचे, ‘नो, नो, नॅनेट’ या नाटकातले, अगदी हलकेफुलके. टेटम चाल ओळखू येईल इतकी ठेवतो आणि तिच्याखालची जमीन सारखी बदलत राहतो. टेटमविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते : दोन वादकांनी मिळून केलेली गुंडाळी त्याने एकट्याची समजून ऐकली आणि दोन्ही वादकांचे काम एकट्याच्या दोन हातांनी वाजवले. आख्यायिका रोचक आहे. पण ती सांगणारे हे सांगत नाहीत की टेटम कोलंबस येथील अंधांच्या शाळेत शिकला आणि मग टोलेडोच्या संगीतशाळेत ओव्हर्टन रेनी या शिक्षकाकडे बसला. चमत्कार लक्षात ठेवला जातो आणि मास्तर गाळला जातो. शोषितांच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडते.

मेरी लू विल्यम्सचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९१० साली जन्मलेली ही मुलगी आईच्या मांडीवर बसून वाजवायला लागली. तिची आई लेखी संगीत शिकली होती आणि त्यात आपली मनाने वाजवण्याची शक्ती गेली, असे तिला वाटे. म्हणून तिने मुलीला शिक्षकाकडे पाठवले नाही. म्हणजे लिखित विद्येविषयीचा संशय आपल्या माणसांच्या मनातही होता आणि त्यामागे अनुभव होता. पण पिट्सबर्गच्या एका थिएटरात लहानग्या मेरी लूने लव्ही ऑस्टिन ही काळी स्त्री पाहिली. ती डाव्या हाताने पियानो वाजवत होती आणि उजव्या हाताने पुढच्या गाण्याचे स्वर कागदावर उतरवीत होती. मेरी लूने दोन्ही गोष्टी घेतल्या. ती मोठमोठ्या बँडसाठी लिहू लागली. १९४० च्या दशकात हार्लेममधील तिच्या घरी थेलोनियस मंक आणि बड पॉवेल हे तरुण पियानोभोवती बसून नवे स्वरमेळ पारखीत. १९७७ पासून १९८१ साली मृत्यू येईपर्यंत ती ड्यूक विद्यापीठात शिकवीत होती. कान की कागद, हा वाद आपल्यासाठी नाही. ज्यांच्यापासून कागद लपवून ठेवला गेला त्यांनी कानावर जगावे, असा सल्ला ज्यांच्या घरी कागदाचे ढीग आहेत त्यांनी देऊ नये.

आता मालकीकडे वळू. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने गुंडाळी आणि ध्वनिमुद्रिका यांवरील मानधनाचा हक्क रचनाकाराला, म्हणजे व्यवहारात बहुधा प्रकाशकाला दिला. ‘टी फॉर टू’ची तबकडी विकली गेली की हक्काचा पैसा गाण्याच्या मालकांकडे जाणार, टेटमने त्यावर बांधलेल्या इमारतीला कायद्याच्या लेखी अस्तित्व नव्हते. आणि स्वतःची गाणी लिहिणाऱ्याचे काय? ‘एन्ट मिसबिहेविन’सह आपली कितीतरी गाणी वॉलरने १९२९ साली पाचशे डॉलरला विकून टाकली, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. १९७० च्या दशकाच्या मध्यात बॉस्टनमधील संगीताच्या विद्यार्थ्यांनी स्टँडर्डांचे एक चोरटे पुस्तक काढले, ‘द रिअल बुक’. त्यात चाल आणि स्वरमेळांची खूण एवढेच होते. गरीब विद्यार्थ्यांची सोय झाली, पण रचनाकारांना, त्यांत काळेही आले, छदाम मिळाला नाही. त्याची कायदेशीर आवृत्ती निघाली २००४ साली.

या व्यवहाराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९३० च्या दशकात टेडी वेदरफर्ड हा काळा पियानोवादक ताजमहाल हॉटेलात वाजवीत असे. पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीने तो वारला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक अशा काळ्या कलावंतांच्या बँडमधून जाझ शिकले, आणि त्यांतले फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत अरेंजर झाले. पडद्यावर ठळक नाव संगीत दिग्दर्शकाचे येई. ज्याने वाद्यमेळ बांधला, त्याचे नाव असलेच तर सहायकांत.

पुन्हा जॉन्सनकडे येतो, कारण मुख्य मुद्दा त्याच्यापाशी आहे. ‘चार्ल्स्टन’ या नाचाची जगभर गाजलेली धून त्याची. पण त्याला मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचे होते आणि त्याने लिहिलेही. लँग्स्टन ह्यूजच्या शब्दांवर त्याने ‘डी ऑर्गनायझर’ ही शेतमजुरांच्या संघटनेवरची संगीतिका रचली. ती १९४० साली न्यूयॉर्कमध्ये झाली. या कामासाठी त्याने गुगेनहाइम शिष्यवृत्ती मागितली, ती नाकारली गेली. नाचघरात वाजवणारा ‘उपजत’ काळा साऱ्यांना हवा होता. अभ्यास करून लिहू पाहणारा काळा कोणालाच नको होता. ‘रक्तात लय’ या स्तुतीचा खरा उपयोग येथे कळतो. ती दार उघडत नाही, बंद करते. जॉन्सन १९५५ साली वारला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २००९ साल उजाडले. त्या संगीतिकेची हरवलेली स्वरलिपी मिशिगन विद्यापीठातील कागदपत्रांत सापडली आणि २००२ साली ती पुन्हा सादर झाली. कागद होता, म्हणून ते काम परत आले.

यातून आपल्यापुढे काम उभे राहते. हलगीचे, ढोलकीचे, जलशांचे आपले वादक-गायक कोणाकडे शिकले, कोणता ठेका कोणी काढला, कोणी कोणाला दिला, याची नोंद फार थोडी आहे. त्यांना ‘लोककलावंत’ म्हणून शाल-श्रीफळ मिळते आणि त्यांची विद्या अनामिक राहते. महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन या माणसांपुढे बसावे. फक्त व्यथा विचारू नये. गुरूचे नाव विचारावे, हात कसा बसला ते विचारावे, वर्षे मोजावीत. ज्यांच्या कर्तृत्वाला जन्माचे नाव दिले गेले, त्यांच्या शिकण्याचा इतिहास लिहिणे हे जातीअंताच्या लढ्याचेच काम आहे.