एन्रॉन ते नाणार : उद्योगांच्या हिशेबात न धरलेला मतदार

कोकणातील मतदार एका पक्षाच्या खात्यावर कायमचा जमा होत नाही. राजापूर मतदारसंघाने काँग्रेसच्या भरात नाथ पै यांना लोकसभेत पाठवले, १९८४ च्या लाटेतही मधू दंडवते यांना सोडले नाही आणि १९९१ मध्ये त्याच दंडवत्यांना घरी बसवले. असा मतदार उद्योगाला किती महाग पडतो, हे रत्नागिरी जिल्ह्यात एन्रॉनने प्रथम अनुभवले.

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील दाभोळ वीजप्रकल्पाचा सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला. वीज मंडळाशी खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये. स्पर्धात्मक निविदा नव्हत्याच. दर डॉलरशी बांधलेला, राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. रुपया घसरला तर काय, मंडळ थकले तर काय, याची तजवीज कागदावर होती. मतदार फिरला तर काय, याची नव्हती.

१९९५ मध्ये तो राज्यभर फिरला. काँग्रेसला ८० जागा, शिवसेनेला ७३, भाजपला ६५. आणि अपक्ष तब्बल ४५. त्यांतले पुष्कळ काँग्रेसचेच बंडखोर होते, हे खरे. पण चिन्ह सोडून माणसाला मत देणारे लोक होते, म्हणूनच ते विधानसभेत पोहोचले. बहुमताला १४५ हवे असताना १३८ वर थांबलेल्या युतीने अपक्षांच्या आधाराने सरकार बनवले. प्रचारात एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली होती; ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाला. कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली. पुढे वाटाघाटी होऊन जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने तोच प्रकल्प, क्षमता वाढवून, पुन्हा स्वीकारला! अंजनवेलच्या आंदोलकांच्या हाती काही उरले नाही. २००१ मध्ये महागड्या विजेची खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाअखेरीस एन्रॉनही दिवाळखोरीत गेली.

नाणारच्या वेळी हिशेब अधिक अवघड होता. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या, सुमारे ३ लाख कोटींच्या रिफायनरीसाठी तीन सरकारी तेलकंपन्या आणि सौदी अराम्को एकत्र आल्या. परंतु येथे एका सातबाऱ्यावर दहा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. आंब्याची कलमे आणि मासेमारी हा ज्याचा त्याचा संसार. ग्रामपंचायतीची निवडणूक तर पक्षचिन्हावर होतच नाही. त्यामुळे पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला राजी केले, तरी गाव राजी होईलच असे नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवसेना-भाजप युती जुळताना नाणार हटवणे ही अट ठरली आणि २ मार्चला रद्दची घोषणा झाली.

नंतर बारसूचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये तेथील सड्यावर मातीपरीक्षणाची यंत्रे पोहोचली, तेव्हा गावकरी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, आडवे आले. २०२४ मध्ये या लोकसभा मतदारसंघातून रिफायनरीचे समर्थक नारायण राणे विजयी झाले; तो रिफायनरीला मिळालेला कौल मानणे मात्र धाडसाचे ठरेल. राजापूर विधानसभा क्षेत्रातले मताधिक्य पराभूत विनायक राऊत यांच्याकडेच होते.