डिमीट्रिअस (दत्तामित्र)

प्राचीन ग्रीक पुरुषनाम. मूळ उच्चार देमेत्रिओस. धान्याची देवता डिमीटर हिचा तो, असा अर्थ. प्रसिद्ध धारकांत अथेन्सचा कारभार पाहणारा (इ.स.पू. ३१७–३०७) फालेरॉनचा डिमीट्रिअस, र्‍होड्‌सला वेढा घालणारा (इ.स.पू. ३०५–३०४) मॅसिडोनियाचा डिमीट्रिअस आणि त्याच नावाचे सेल्युकिड राजे येतात. रशियन ‘दिमित्री’ याच नावापासून आले. भारताशी संबंध आहे तो बॅक्ट्रियाचा राजा युथिडेमस याच्या मुलाचा. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात त्याने हिंदुकुश ओलांडला. त्याच्या नाण्यांवर तो हत्तीचे मस्तक शिरस्त्राणासारखे ल्यालेला दिसतो.

संस्कृतात हे नाव ‘दत्तामित्र’ झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ वृत्तीत सौवीर देशातील दात्तामित्री ही दत्तामित्राने वसवलेली नगरी म्हणून येते. सौवीर म्हणजे सिंधूच्या खालच्या खोऱ्याकडचा मुलूख.

या नगरीचा नाशिकमधील पुरावा पांडवलेण्यात, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरील लेणे क्र. १७ मध्ये आहे. ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात दाता स्वतःची ओळख एकामागून एक सांगतो: उत्तरेकडचा, ‘दातामितियक’ म्हणजे दात्तामित्रीचा रहिवासी, योणक म्हणजे यवन (ग्रीक), धंमदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. आईवडिलांप्रीत्यर्थ त्याने ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी डोंगरात लेणे, आत चैत्यगृह आणि पोढ्या खोदवल्या आणि हे सारे मुलगा धंमरखित याच्यासह चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. लेणीअभ्यासक पाण्याच्या टाक्याला आजही पोढीच म्हणतात. या लेण्याचे खोदकाम मात्र अपुरे राहिले.

पिता धंमदेव, पुत्र इंद्राग्निदत्त, नातू धंमरखित. तिन्ही पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. जुन्नरच्या लेखांतील इरिल, चिट, चंद हे यवन दाते आणि कार्ल्याच्या खांबांवरील धेनुकाकटचे यवन यांच्या जोडीने हा लेख वाचावा. माणसाच्या नावावरून त्याचे कूळ ठरवण्याची घाई करू नये, हे त्यातून नीट कळते. इंद्राग्निदत्ताने आपले यवनपण नावात ठेवले नाही, पण लपवलेही नाही. ते दगडात कोरून घेतले. डिमीट्रिअसचे नाव या लेखात आहे ते केवळ त्याच्या गावाच्या नावात.