झेब्र्याच्या गळ्यातला सांगावा

परगावी निघालेल्या माणसाच्या हाती सांगावा धाडायचा, ही जुनी रीत. संगणकवाल्यांना ती पटायला पाव शतक लागलं.

२७ ऑगस्ट १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका बिअर गार्डनबाहेर एसआरआय संस्थेची व्हॅन उभी होती. तिथून निघालेला मजकूर आधी रेडिओवरून आणि मग आर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरून पुढे गेला. लष्कराला धावत्या गाड्यांमधले संगणक जोडायचे होते, म्हणून हा खटाटोप. गाडी हलली की शेजारी बदलतात, आणि शेजारी बदलले की वाट मोडते. त्यामुळे हालचाल हे दुखणंच मानलं गेलं.

त्यावरचा एक नामी उतारा १९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी मांडला. डीएसडीव्ही हे त्याचं नाव. कुणाकडे कुणामार्फत जायचं, मध्ये किती टप्पे, याचा तक्ता प्रत्येक यंत्राने बाळगायचा. नोंदीला मुक्कामाच्या यंत्राने स्वतः दिलेला क्रमांक असतो. मोठा क्रमांक म्हणजे ताजी बातमी. शिळ्या बातमीवर विसंबून माहितीचं पॅकेट गोल गोल फिरत राहण्याचा धोका त्यामुळे टळला.

पण वाट एका वेळी सलग असते, हे यात गृहीतच होतं. आणि ती कधीच सलग नसेल तर? पोच तरी कुणाकडून मागायची?

उत्तराचं बी भलतीकडेच पडलेलं होतं. १९८७ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात ॲलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या डेटाबेसच्या प्रती जुळवायला साथीच्या रोगाची चाल वापरली: जो भेटेल त्याला लागण. २००० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अमीन वाहदात आणि डेव्हिड बेकर यांनी ती फिरत्या यंत्रांना लावली. दोघे भेटले की आधी याद्या दाखवायच्या, मग आपल्याकडे नाही तेवढंच घ्यायचं.

मग आले झेब्रे. प्रिन्स्टनमधल्या मार्गारेट मार्टोनोसी यांचा संगणक गट आणि प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल रुबेनस्टाइन यांनी २००२ मध्ये झेब्रानेट मांडलं. जानेवारी २००४ मध्ये मध्य केनियात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बसले. पट्ट्यात जीपीएस, रेडिओ, बॅटरी आणि ती भरायला सौरपत्र्या. माळावर मोबाइलचा टॉवर नाही, की कायमचं केंद्र नाही. माहिती गोळा करायची ती अधूनमधून जीपने फिरणाऱ्या संशोधकांनी. सगळ्या कळपांमागे जीप कशी धावणार? म्हणून झेब्रे भेटले की पट्टे एकमेकांकडची माहिती उतरवून घेत आणि बाळगून हिंडत. एक झेब्रा जीपने गाठला, तरी न दिसलेल्या कितींची तरी हकीकत हाती येई. या झेब्र्यांत एक नर आणि त्याच्या माद्या असं कुटुंब एकत्र हिंडतं, म्हणून कुटुंबात एक पट्टा पुरे. संगणकशास्त्राला निसर्गाने दिलेली ही सूटच म्हणायची.

सगळ्यांनाच सगळं वाटत बसलं तर बॅटरी धापा टाकते. म्हणून दुसरी रीतही तपासली गेली: पूर्वी जीपला वारंवार भेटलेल्या शेजाऱ्याकडेच माहिती सोपवायची. इथे हालचाल दुखणं राहिली नाही, तीच हमाल झाली.

उरला प्रश्न शिल्लक प्रतींचा. जीपपर्यंत पोचलेल्या नोंदी इतरांच्या गळ्यात जागा अडवून बसायच्या. मग त्या पुसायच्या नोंदींची यादीही तशीच, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, धाडायचं ठरलं.