खुणांची भाषा, तिचे लेखन आणि कर्णबधिर कलावंत

१

ज्या भाषेला लिपी नाही, तिचा इतिहास लिहिणे अवघड असते. परंतु जी भाषा मुळात ध्वनींचीच नाही, तिचा इतिहास लिहिणे त्याहूनही अवघड होय. अलिखित बोलीतील गीते, म्हणी व कथा गोळा करणारा अभ्यासक त्या बोलीचे ध्वनी, कमीअधिक अचूकपणे का होईना, नागरी लिपीत उतरवू शकतो. कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेला ही सोय उपलब्ध नाही. हाताचा आकार, त्याचे शरीराजवळील स्थान, त्याची हालचाल आणि त्याच क्षणी भुवया, ओठ व मान यांनी घातलेली अर्थाची भर, हे सर्व तीत एकसमयावच्छेदेकरून घडते. एकामागून एक अक्षर मांडणारी लिपी ते धरू शकत नाही. म्हणून या भाषेच्या बाबतीत चलच्चित्र हे केवळ करमणुकीचे साधन उरत नाही. ते तिचे लेखन ठरते.

चक्रधरांच्या मुखीची वचने व त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी अनुयायांच्या स्मृतींतून जमविल्या, आणि त्यामुळेच तेराव्या शतकातील बोलत्या मराठीचे रूप 'लीळाचरित्रा'च्या द्वारा आज अभ्यासता येते. ते लेखन झाले नसते, तर मराठी बोलली जातच राहिली असती. परंतु त्या काळातील तिच्या गद्याचा पुरावा उरला नसता. कर्णबधिर समाज आज जवळपास त्याच टप्प्यावर उभा आहे. फरक इतकाच की, येथे म्हाइंभटांचे काम कॅमेऱ्याला करावयाचे आहे. ते कोणी करावे आणि आजवर कोणी केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२

प्रथम नावांचा विचार केला पाहिजे. 'मूकबधिर' हा रूढ समास दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधतो. ऐकू न येणे ही शारीरिक अवस्था आहे. मुकेपण हा तिच्यावरून समाजाने काढलेला निष्कर्ष आहे. 'कर्णबधिर' हा अलीकडचा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने पुनरुक्त असला, तरी तो हा निष्कर्ष काढीत नाही, म्हणून तो श्रेयस्कर. 'सांकेतिक भाषा' हे शासकीय नावही भाषाशास्त्राच्या कसोटीवर पुरते उतरत नाही. कारण शब्द व अर्थ यांचा संबंध संकेताने ठरणे हे प्रत्येक भाषेचेच लक्षण आहे. 'खुणांची भाषा' हे साधे मराठी नाव अधिक नेमके वाटते.

मुकेपणाच्या या निष्कर्षाचे परिणाम व्यावहारिक होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांच्या यादीत बधिर व मूक या दोघांचाही समावेश आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात ही अपात्रता १९२८ च्या कायद्याने बहुतांशी दूर झाली. संस्थानी मुलखात तो कायदा आपोआप लागू होत नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने रोग, व्यंग वा विकृती या कारणास्तव कोणासही वारसा नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. बालाघाटाच्या पठारावरील भूम हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. कर्णबधिरांच्या हक्कांचा इतिहास मुंबईच्या दृष्टीने लिहिला तर त्याचे टप्पे एक दिसतात, भूमच्या दृष्टीने लिहिला तर दुसरे, हे यावरून ध्यानी यावे.

३

मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८४-८५ च्या सुमारास, कॅथलिक धर्माध्यक्ष लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. भारतातील या प्रकारची ही पहिली संस्था मानली जाते. परंतु तिचा जन्म या शिक्षणाच्या एका प्रतिकूल क्षणी झाला. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांपेक्षा वाणीचे शिक्षण श्रेष्ठ असल्याचा ठराव केला होता, आणि पुढील अनेक दशके जगभरच्या शाळांतून त्या ठरावाची छाया राहिली. मुलाने ओठ वाचावे व बोलावे, हे शिक्षणाचे ध्येय ठरले. त्या परिषदेच्या ठरावांबद्दल अधिकृत खेद व्यक्त होण्यास २०१० साल उजाडावे लागले. त्या वर्षी याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय परिषद कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरली होती.

शाळांनी खुणांना अभ्यासक्रमात स्थान दिले नाही, तरी शाळांमुळेच खुणांची भाषा वाढली, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. भाषेचा वारसा त्यांना घरातून मिळत नाही. तो त्यांना समवयस्कांकडून, शाळेच्या आवारात व वसतिगृहात मिळतो. आईच्या भाषेस मातृभाषा म्हणण्याचा आपला प्रघात या समाजापुढे अपुरा पडतो. वर्गात जे निषिद्ध होते ते मधल्या सुटीत शिकले गेले, आणि एका पिढीने ते दुसरीच्या हाती दिले.

४

चित्रपटाच्या इतिहासाकडे वळले म्हणजे एक योगायोग नजरेत भरतो. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज व्हेडिट्झ या कर्णबधिर नेत्याने, खुणांच्या भाषेच्या रक्षणाचे आवाहन करणारे आपले भाषण, त्याच भाषेत, फितीवर नोंदविले. वाणीवादी शिक्षणपद्धतीमुळे ही भाषा नामशेष होईल अशी भीती वाटल्यावरून तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने उत्तम वक्त्यांच्या चित्रफिती तयार करविण्याचे काम हाती घेतले होते. चलच्चित्र हे लेखन आहे, ही जाणीव त्या समाजास इतक्या लवकर झाली होती. व्हेडिट्झची ती फीत २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत समाविष्ट झाली.

फाळक्यांच्या चित्रपटाचा हेतू सर्वस्वी निराळा होता. तथापि मूकपटाच्या काळात पडद्यापुढे बसलेला कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीचा होता, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. कथा अभिनयाने उलगडे. जे शब्द लागत ते पाट्यांवर लिहिलेले असत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' झळकला, पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि ही बरोबरी संपली. बोलपटाच्या आगमनाचा आपला इतिहास सर्वत्र प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. एका प्रेक्षकवर्गासाठी तो दरवाजा बंद होण्याचा क्षण होता, याची नोंद त्यात सापडत नाही.

पुढे पडदा कर्णबधिरांकडे वळला तो विषय म्हणून. १९७२ च्या 'कोशिश' या चित्रपटात गुलजार यांनी एका कर्णबधिर दांपत्याचा संसार दाखविला. संजीवकुमार यांस अभिनयाचे व गुलजार यांस पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व मान्यच केले पाहिजे. त्याने नायक-नायिकेस दयेचा विषय न करता लग्न, नोकरी व संतती असलेली माणसे म्हणून उभे केले, आणि खुणांना कथेचे वाहन केले. संजय लीला भन्साळी यांच्या 'खामोशी' (१९९६) या चित्रपटात गोव्यातील कर्णबधिर दांपत्य नाना पाटेकर व सीमा बिस्वास यांनी रंगविले. दोन्ही चित्रपटांत खुणा करणारे हात ऐकू येणाऱ्या नटांचे आहेत. भाषाशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर हा परभाषकाने दिलेला पुरावा होय. मराठीचे व्याकरण केवळ मराठी न बोलणाऱ्या नटांच्या उच्चारांवरून लिहिण्यास जसा कोणी धजणार नाही, तसाच या चित्रपटांतील खुणांचाही भाषिक पुरावा म्हणून मर्यादितच उपयोग आहे.

कर्णबधिर कलावंत स्वतः या काळात नव्हते असे नव्हे. सतीश गुजराल (१९२५-२०२०) यांनी आठव्या वर्षी श्रवणशक्ती गमावली. लाहोरनंतर १९४४ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोस जाऊन त्यांनी दिएगो रिवेरा व सिकेरोस यांच्या सहवासात भित्तिचित्रांचा अभ्यास केला. पुढे शिल्प व वास्तुकला या क्षेत्रांतही त्यांनी नाव मिळविले आणि १९९९ मध्ये त्यांस पद्मविभूषण मिळाले. परंतु बोललेल्या भाषेचा आठ वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. जन्मतः बधिर असलेल्या मुलाची स्थिती वेगळी असते. त्याला पहिली भाषा मिळण्याचाच प्रश्न असतो. शिवाय चित्रकला वा शिल्प यांस खुणांच्या भाषेची गरज नाही. त्या क्षेत्रात कर्णबधिर व्यक्ती मोठी होऊ शकते, आणि तरीही तिच्या समाजाची भाषा अदृश्यच राहू शकते. अभिनया या कर्णबधिर अभिनेत्रीने २००९ पासून दक्षिणेतील चित्रपटांत, दुसऱ्याच्या आवाजाच्या आधारे, बोलणाऱ्या पात्रांच्याही भूमिका केल्या आहेत. व्यक्तीचा प्रवेश आणि भाषेचा प्रवेश यांतील हे अंतर लक्षात ठेविले पाहिजे.

५

भाषा म्हणून खुणांना मान्यता मिळण्यास शास्त्राचे साहाय्य झाले. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन खुणांची भाषा हाताचा आकार, स्थान व हालचाल अशा घटकांत विभागता येते हे दाखवून दिले. हे घटक स्वतः अर्थहीन असून अर्थभेदक आहेत, म्हणजे ध्वनिभाषेतील वर्णांचेच कार्य ते करतात. भारतात मदन वसिष्ठ या कर्णबधिर अभ्यासकाने जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांच्यासह १९७७ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणा गोळा केल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश परस्परसंबद्ध आढळल्या. मराठी, बंगाली व कन्नड यांच्या सीमा खुणांच्या भाषेच्या सीमा नव्हेत, हे त्यामुळे सिद्ध झाले. उलरिके त्सेशान यांच्या पुढील संशोधनाने दिल्ली व कराची येथील व्याकरण मूलतः एकच असल्याचे दाखविले.

या भाषेत प्रश्नवाचक खूण व नकार वाक्याच्या शेवटी येतात. पुरुषासाठी मिशीची व स्त्रीसाठी नाकातील चमकीची खूण केली जाते, आणि नात्यांच्या अनेक खुणा याच दोहोंच्या आधारे घडतात. चमकी न घालणाऱ्या स्त्रीसही तीच खूण लागू पडते. मूळचे सादृश्य मागे पडून संकेत उरला आहे. खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे होत, या समजास एवढे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने पुढे या भाषेचे अध्यापनही सुरू केले. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने खुणांच्या भाषांना एक स्वतंत्र खंड, अडतिसावा, दिला. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा, २०१९ मध्ये ६,००० शब्दांचा आणि २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. हा कोश चित्रफितींचा आहे, हे ओघानेच आले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत मात्र खुणांच्या भाषेस अद्याप स्थान नाही.

६

लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत नव्याने उभा राहिला. दूरदर्शनने १९८७ पासून श्रवणबाधितांसाठी साप्ताहिक बातमीपत्र दिले. पण त्याचा मूळ मजकूर बोलक्या भाषेचा होता, खुणा हा त्याचा अनुवाद. याउलट मुंबईत आलोक केजरीवाल या कर्णबधिर उद्योजकाने उभारलेली 'इंडिया सायनिंग हँड्स' ही संस्था बातम्या व शैक्षणिक चित्रफिती मुळातच खुणांच्या भाषेत तयार करते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तर प्रत्येक कर्णबधिर व्यक्तीस लेखक होण्याची शक्यता खुली केली. भाषा दुसऱ्याने दाखविण्याऐवजी भाषकाने वापरावी, हा येथे झालेला बदल होय.

कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ४२ दृक्श्राव्य माध्यमांत खुणांच्या भाषेतील निवेदन व मथळे यांची तरतूद करते. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी सुगम्यतेची मानके जाहीर केली. कलम २९ कमी चर्चिले गेले आहे. दिव्यांग कलावंतांना साहाय्य देण्याबरोबरच, दिव्यांग व्यक्तींच्या ऐतिहासिक अनुभवांची नोंद व अर्थनिर्णय करणारे संग्रहालय स्थापन करण्याची जबाबदारीही ते शासनावर टाकते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास या कलमाइतके जवळचे दुसरे कलम त्या कायद्यात नाही.

या सर्वांचा भूमसारख्या तालुक्याच्या गावाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. जेथे एकाच गावी पुरेसे कर्णबधिर पिढ्यानुपिढ्या राहतात, तेथे स्वतंत्र ग्रामभाषा घडते. कर्नाटकातील अलिपूर हे त्याचे अभ्यासिलेले उदाहरण. परंतु जेथे ते वाड्यावस्त्यांवर एकेकटे विखुरलेले असतात, तेथे प्रत्येक घरी मूल व त्याची माणसे मिळून घरगुती खुणा निर्माण करतात. म्हैस, धार, खव्याची कढई, पाऊस, मामाचे गाव यांच्या खुणा अशा घरातच ठरतात, आणि तो माणूस गेला की त्या त्याच्याबरोबर जातात. शाळेत गेलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांची जागा शहरी खुणा घेतात. १०,००० शब्दांचा कोश गावोगाव पोहोचणे इष्टच आहे. भाषेविना वाढणाऱ्या मुलाची हानी कोणत्याही घरगुती खुणेने भरून येत नाही. परंतु प्रमाण मराठीच्या प्रसारात मराठवाडी बोलीचे जे झाले, तेच या खुणांचे होण्याचा संभव आहे, आणि बोलीची निदान गीते तरी टिपली गेली.

म्हणून तालुक्यातालुक्यांतील वृद्ध कर्णबधिरांची आत्मकथने चित्रफितींवर नोंदविण्याचे काम भाषाशास्त्र व इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून हाती घ्यावयास हवे. त्यात एक अडचण आहे, तीही आरंभीच मान्य केली पाहिजे. लिखित मुलाखतीत माहिती देणाऱ्याचे नाव झाकता येते. येथे चेहरा झाकला तर व्याकरणच झाकले जाते. त्यामुळे संमती, मालकी व संपादन या बाबतींत कर्णबधिर व्यक्तीस माहितीचे साधन न मानता सहसंशोधक मानल्याखेरीज हे काम होणार नाही. कर्णबधिर चित्रकर्त्यांपाशी यासाठी लागणारे कौशल्य आता आहे, आणि कायद्याचा आधारही आहे. विद्यापीठांनी त्यांस आपल्या अभिलेखागाराचे दार उघडून देणे तेवढे शेष आहे. ज्यांच्या स्मृतीत या खुणा आहेत ती पिढी उताराला लागली असल्याने या कामास विलंब परवडणारा नाही.