एकाच नावाची गाडी

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगमार्गे डोंगर ओलांडून सिपना नदीच्या काठी सेमाडोहला येतो. सिपना हा कोरकू भाषेतला शब्द. त्याचा अर्थ साग. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. आज सेमाडोहहून जंगलात निघणाऱ्या फेरीला सगळेच ‘जीप सफारी’ म्हणतात. गाडी मात्र बहुधा जिप्सी असते. म्हणजे नाव एका गाडीचे आणि देह दुसरीचा. त्या देहात बसवलेले इंजिन त्याच सालचे आहे की नंतरचे, हा पुढचा प्रश्न. जुन्या गाडीत त्याच गाडीच्या नंतरच्या आवृत्तीचे इंजिन बसवणे ही मिस्त्रीच्या दृष्टीने रोजची गोष्ट. पण तिला इतिहास आहे, आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावा असा आहे, असे आम्हाला वाटते. कारण अनेक फेरफारांनंतरही एखादी वस्तू ‘तीच’ राहते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न पाठचिकित्सेचाही आहे.

प्रथम जीपकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे होते. तेही सर्वस्वी नवे नव्हते. कंपनीच्या आधीच्या मोटारींतले चार सिलिंडरचे इंजिन सुधारून ते सिद्ध केलेले होते. त्याचे सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असत. पुढे त्याच ब्लॉकच्या आधाराने ‘हरिकेन’ इंजिन तयार झाले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. शक्ती सत्तरच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. १९५३ च्या सीजे-३बी ह्या जीपचे बॉनेट म्हणूनच वर उचललेले आहे. मुंबईत महिंद्रांनी दीर्घकाळ हाच आकार बनवला. तेव्हा सरकारी दौऱ्यांत आणि हिंदी-मराठी चित्रपटांत पाहून जो उंच कपाळाचा चेहरा आपण ‘अस्सल जीप’ म्हणून मनात ठेवला, तो मुळात जुन्या देहात नवे इंजिन घालताना करावी लागलेली तडजोड आहे. अस्सलपणाचा शोध घेत मागे जावे, तर पहिल्याच वळणावर फेरफार भेटतो.

दुसरा टप्पा डिझेलचा. १९७० च्या दशकात महिंद्रांनी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. १९८० च्या दशकात प्यूजो कंपनीच्या रचनेचे, सुमारे २.१ लिटरचे इंजिन आले. मग ज्यांच्या दारी जुनी पेट्रोल जीप होती, त्यांनी नंतरच्या जीपचे हे डिझेल इंजिन तीत बसवायला सुरुवात केली. कारण उघड होते. डिझेल स्वस्त, आणि गाडी त्याच इंधनात अधिक लांब जाई. डोंगराळ मुलखाला आणखी दोन लाभ होते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चांगली ओढ देते, म्हणून भरलेली गाडी घाट चढते. शिवाय त्यात इंधन पेटते ते दाबाने तापलेल्या हवेत; ठिणगीची गरज नसते. प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर हे सगळे गेले म्हणजे पावसाळ्यात नाला ओलांडताना पाणी लागून गाडी बंद पडण्याचे एक मोठे कारणही गेले.

पण नवे इंजिन फुकटात बसत नाही. डिझेल इंजिन जड असते. पुढचे पाटे खाली बसतात. ते अधिक थरथरते. ज्या रबरी आधारांवर ते टेकते, त्यांना गॅरेजात ‘फाउंडेशन’ म्हणतात, ती फाउंडेशने लवकर फाटतात. दाब जास्त, म्हणून स्टार्टर आणि बॅटरी मोठी लागते. त्याच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा कमी, म्हणून जुन्या डिफरन्शिअलवर घाटात सुखाने चालणारी गाडी सपाट रस्त्यावर वेग घेईना. एक भाग बदलला की बाकीचे भाग आपापली तक्रार घेऊन उभे राहतात. मिस्त्रीचे कौशल्य इंजिन उतरवण्या-चढवण्यात जेवढे, त्याहून ह्या तक्रारी मिटवण्यात अधिक.

सेमाडोहला दिसणाऱ्या जिप्सीची कथा ह्याच वळणाची. १९८५ मध्ये ती आली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे होते. १९९६ च्या ‘जिप्सी किंग’मध्ये १.३ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन आले. २००० मध्ये त्याच आकारमानाचे, सोळा व्हॉल्व्हचे, एमपीएफआय पद्धतीचे, ८० अश्वशक्तीचे. बाहेरून पाहणाराला गाडी बरीचशी तीच. त्यामुळे पहिल्या जिप्सीत नंतरचे इंजिन घालण्याचा मोह स्वाभाविक. पण क्लच आणि गिअरबॉक्सची जोडणी जुळवावी लागते. आणि इंजिन एमपीएफआय असेल तर त्याबरोबर संगणकीय नियंत्रक, संवेदक, तारांचे जाळे आणि टाकीतून दाबाने इंधन पुरवणारा पंपही आणावा लागतो. कार्बोरेटरची गाडी कानाने ऐकून ‘लावता’ येत असे; ही येत नाही. येथे इंजिनाबरोबर कारागिराचे ज्ञानही बदलावे लागते.

वऱ्हाडातल्या अभ्यासकाला ह्यावरून लीळाचरित्र आठवले तर नवल नाही. रिद्धपूरला म्हाइंभटाने सिद्ध केलेली मूळ पोथी खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली. अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. त्यातून पाठ अनेक झाले, नाव एक राहिले. तुळपुळे, कोलते ह्यांच्यासारख्या संपादकांनी पाठभेदांचे ओझे वाहिले ते ह्याचसाठी की फेरफार झाला म्हणून ग्रंथ खोटा ठरत नाही. मात्र फेरफाराची नोंद नसेल तर त्याचा इतिहास खोटा ठरतो. साम्य ह्याहून पुढे ताणण्याचे कारण नाही. पोथी श्रद्धेने जपली जाते, गाडी पोटासाठी. नोंदीची गरज मात्र दोन्हीकडे सारखी आहे.

मोटारीची पोथी म्हणजे तिचे नोंदणीपत्र. त्यात चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक वेगवेगळे लिहिलेले असतात. कायद्यालाही गाडी दोन जीवांची आहे हे ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांविषयी आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. ह्यामागे सुरक्षिततेचा आणि चोरीच्या गाड्यांचा विचार आहे, आणि तो रास्त आहे. जड इंजिनाला जुने ब्रेक पुरत नाहीत, तेव्हा भुर्दंड दरीच्या कडेने चालणाऱ्या प्रवाशाला पडतो.

परंतु वय मोजताना हाच कायदा फक्त देहाकडे पाहतो. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. काही विशेष वाहने वगळता ती भंगारात काढायची आहेत. इंजिन कितीही अलीकडचे असो, वय धरले जाते ते पहिल्या नोंदणीपासून. जिप्सीची सामान्य ग्राहकांसाठीची विक्रीही २०१९ मध्ये थांबली. जुन्या गाड्या गेल्याने धूर कमी होईल, हे मान्य. पण त्यांच्याबरोबर काय जाते ते पाहिले पाहिजे. कोणत्या साली, कोणत्या अडचणीपायी, कोणता भाग काढून कोणता घातला, हे सरकारी गाडीच्या लॉगबुकात अर्धे असते आणि मिस्त्रीच्या डोक्यात अर्धे. गाडी भंगारात गेली की लॉगबुक रद्दीत जाते. संग्राहक आपल्या गाडीचे मूळ इंजिन शाबूत असल्याचा अभिमान बाळगतात, आणि संग्रहालयातही तशीच गाडी पोचते. डोंगरात चाळीस वर्षे राबलेली, दोनदा इंजिन बदललेली गाडी तेथे पोचत नाही; आणि ह्या मुलखाचा इतिहास नेमका तिच्यात असतो.

आमची सूचना साधी आहे. मराठी विभागातून लोकगीते आणि म्हणी गोळा करायला विद्यार्थी गावोगाव पाठवले जातात. त्यांतल्या दोघाचौघांनी परतवाडा, अमरावती, अकोला येथील वयस्क मिस्त्रींकडे जावे, त्यांची परिभाषा टिपावी, आणि एकेका गाडीची वंशावळ त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी. पाठभेद नोंदवण्याची शिस्त आपल्यापाशी आहेच. ती लोखंडाला लावायला हरकत नसावी.